कोल्ह्याशिवायची शिकार

मागच्या नोव्हेंबरात मी लिलावातून एक चित्र घेतलं आणि पुढचे सात महिने त्याच्याच मागे होते. घरात आता तो विषय निघाला की नवरा उठून चहा टाकायला जातो, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच काढू.

आम्ही नॉर्विचला राहतो, इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक म्हणून भाग आहे तिथे. इकडे आजूबाजूच्या गावांत जुन्या सामानाचे लिलाव सारखे चालू असतात, कोणी म्हातारं माणूस गेलं की घरातलं सगळं त्यात येतं, कपबशा, घड्याळं, कोणाच्या तरी लग्नाचे फोटो, आणि शिकारीची चित्रं तर ढिगाने. लाल कोटवाले घोडेस्वार, पुढे कुत्रे. इथे कुत्रे लावून कोल्ह्याची शिकार करायला २००५ पासून कायद्याने बंदी आहे, पण भिंतीवरून ती काही उतरलेली नाही. मी खरं तर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी बघत होते, त्यात हे दिसलं. वर्णन एका ओळीचं, इंग्लिश स्कूल (म्हणजे चित्रकाराचं नाव माहीत नाही, पण इंग्लंडमधला कोणीतरी), एकोणिसावं शतक, शिकारीचा देखावा, पेन्सिल आणि तपकिरी वॉश (पाण्यात पातळ केलेला रंग), फ्रेमसह. मी सहज बोली लावली आणि ४५ पाउंडाला हातोडा पडला की हो माझ्यावर. वर त्यांचं कमिशन, कमिशनवर व्हॅट, म्हणजे ५८ च्या वर गेलं. नवऱ्याला ४५ च सांगितले.

चित्र एवढंसं आहे, साधारण १५ बाय २२ सेंटिमीटर, शाळेच्या वहीच्या पानाएवढंच म्हणा. उजवीकडे दोन मोठे ओक, त्यांच्या खालून वाट, मधे कुंपण, आणि कुंपणाच्या पलीकडून तीन घोडेस्वार डावीकडे उधळलेत. त्यांच्यापुढे कुत्रे. लांब मागे चर्चचा बुरूज, आणि तो गोल. सगळं तपकिरी, फक्त स्वारांच्या कोटावर लाल रंगाचे तीन ठिपके, तांदळाच्या दाण्याएवढे पण नाहीत, पण लांबून पहिले तेच दिसतात. मी कोल्हापूरची, शिकारीचं म्हटलं की मला न्यू पॅलेसमधले पेंढा भरलेले वाघ आठवतात, लहानपणी शाळेची ट्रिप गेली की त्यांच्या काचेच्या डोळ्यांकडे बघायची भीती वाटायची. त्या मानाने हे फारच सभ्य प्रकरण.

आता हे काढलं कोणी हे शोधायचं असं मी ठरवलं, आणि इथे माझी पहिली चूक झाली, मी घोड्यांच्या मागे लागले. म्हणजे शिकारीचं चित्र तर शिकारीचा चित्रकार, असं सरळ गणित. हेन्री आल्केन बघितला, सॅम्युएल हाउइट बघितला. हाउइट तर आपल्याकडच्या शिकारीसाठी प्रसिद्ध, १८०७ मध्ये हत्तीवरून वाघाची शिकार वगैरे रंगीत चित्रांचं मोठं काम आलं होतं त्याचं, ते सगळं त्याने विल्यमसन नावाच्या कॅप्टनच्या कच्च्या चित्रांवरून लंडनमध्ये काढलेलं. दोन-तीन आठवडे रोज रात्री हेच. पण यातल्या कोणाचेही घोडे बघा, स्नायू, टाचेचे सांधे, सगळं जागच्या जागी. माझ्या चित्रातले घोडे म्हणजे जत्रेतले लाकडी घोडे. पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे, पोट जवळजवळ जमिनीला. बरं तसे पाय सगळेच काढायचे तेव्हा, पळणाऱ्या घोड्याचे पाय खरे कसे पडतात ते १८७८ ला कॅलिफोर्नियात मायब्रिजने एकामागून एक फोटो काढले तेव्हा कळलं, आणि हवेत असताना चारही पाय ताणलेले नसतात तर पोटाखाली गोळा झालेले असतात असं निघालं. पण सगळ्यांची चूक एक आणि माझ्या चित्रातले घोडे मुळातच वाईट हे दुसरं, तो फरक मला दिसत होता तरी मी मानत नव्हते.

मग डिसेंबरात एका रविवारी फ्रेम उघडली. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे ग्लोव्ह्ज, चिमटा, चांगला टॉर्च सगळं घरात असतं आणि अंगात आत्मविश्वासही जरा जास्तच असतो. मागचे खिळे काढले, मागचा पुठ्ठा काढला, आणि आत बघते तर चित्र वरच्या कडेने चक्क सेलोटेपने माउंटला, म्हणजे चित्राभोवतीच्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याला, चिकटवलेलं. टेप पिवळी पडून कडक झालेली आणि तिचा चिकटपणा कागदात उतरलेला, वडापावच्या कागदावर तेल उतरतं ना, तसा. लिलाववाल्यांना मी आधी ईमेल करून कंडिशन विचारली होती, उत्तर आलं होतं, ओव्हरऑल गुड. असो. माउंटचा पुठ्ठा स्वस्तातला, लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं ॲसिड हळूहळू चित्राच्या कागदात गेलेलं, त्यामुळे खिडकीच्या कडेकडेने चित्राला तपकिरी पट्टा आलाय. वरच्या कोपऱ्यात दमटपणाने उठलेले गंजासारखे डाग, इथे त्याला फॉक्सिंग म्हणतात, नेमकं शिकारीच्या चित्रातच.

पण माउंटखाली झाकलेला भाग उघडा झाला आणि उजव्या कोपऱ्यात शाईने लिहिलेला आकडा दिसला. ४१२. बाकी सही नाही, तारीख नाही, फक्त ४१२.

मग खोलीतले दिवे बंद केले आणि कागद उभा धरून मागून टॉर्च मारला. वॉटरमार्क आहे! नवऱ्याला हाक मारली, तो आला, वाचून म्हणाला, आत्मन. खरंच, इंग्रजी अक्षरांत स्वच्छ आत्मन, आणि खाली बरोबर मधे १८२८. मी दोन मिनिटं स्तब्ध, म्हणजे १८२८ साली इंग्लंडच्या कागदावर उपनिषद कोणी छापलं! मग शोधल्यावर ट्यूब पेटली. व्हॉटमन, इंग्रजीत WHATMAN. इंग्लंडच्या केंट भागातला प्रसिद्ध कागद, टर्नरसारख्या मोठ्या चित्रकारांपासून सगळे हाच वापरायचे. चित्राची डावी बाजू कापलेली आहे, पहिली दोन अक्षरं तिच्याबरोबर गेली आणि आत्मन उरला. कागदावर साल टाकायची पद्धत तिकडे १७९४ च्या एका कर-कायद्यानंतर आली, साल टाकलेला कागद परदेशी पाठवला की कर परत मिळायचा म्हणून. आणि गंमत म्हणजे व्हॉटमनने गिरण्या विकल्यानंतर दोन वेगवेगळे मालक तेच नाव वापरत होते, एकाच्या कागदावर टर्की मिल असंही असायचं, माझ्यावर ते नाही, म्हणजे हा बाल्स्टन नावाच्या मालकाच्या स्प्रिंगफील्ड गिरणीचा. कोणी काढलं ते माहीत नाही पण कागद कुठल्या गिरणीत झाला ते माहीत. आणि एवढं नक्की की चित्र १८२८ च्या आधीचं नाही. म्हणजे १८२२ ला गेलेला हाउइट आपोआप कटला, तीन आठवड्यांची मेहनत टॉर्चच्या एका बटणाने संपली.

गोल बुरुजाचंही लक्षात यायला मला इतका वेळ लागला याची लाज वाटते, कारण ऑफिसला जाताना रोज असा एक दिसतो. गोल बुरुजाची चर्च इंग्लंडमध्ये मुख्यतः नॉरफोक आणि शेजारच्या सफोकमध्येच, एकट्या नॉरफोकमध्ये शंभराच्या वर. इथे बांधकामाचा चांगला दगड नाही, सगळा गारगोटीसारखा फ्लिंट, त्याने कोपरा नीट येत नाही म्हणून गोलच बांधून टाकले असं इथले लोक सांगतात. तर चित्र बहुतेक इथलंच, घराजवळचं. आणि नॉर्विच म्हटलं की चित्रकलेत एक मोठं प्रकरण आहे, १८०३ मध्ये इथल्या चित्रकारांनी स्वतःची सोसायटी काढली, लंडनच्या बाहेर अशी चळवळ तेव्हा नवलाचीच. जॉन क्रोम, जॉन सेल कॉटमन ही त्यातली मोठी नावं, आणि सगळे निसर्गचित्रवाले. झाडं, नदी, पवनचक्क्या, ढग. यांची बरीच चित्रं पुढे मोहरीवाल्या कोलमन घराण्याने जमवली, तीच पिवळ्या डब्याची कोलमन मस्टर्ड, आणि आता ती नॉर्विचच्या किल्ल्यातल्या म्युझियममध्ये आहेत.

मी मात्र लंडनला गेले, ब्रिटिश म्युझियममध्ये. कारण नॉर्विचच्याच म्युझियमचे जुने क्युरेटर जेम्स रीव्ह यांनी जमवलेला या चित्रकारांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने १९०२ मध्ये विकत घेतला. आणि तिथे प्रिंट्स आणि ड्रॉइंग्जची स्टडी रूम आहे, आधी वेळ घेऊन कोणीही जाऊ शकतं, हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं पीएचडीवाल्यांनाच सोडतात. हात धुवून बसायचं, पेन चालत नाही, फक्त पेन्सिल, आणि मग ते मोठ्या पेट्यांतून चित्रं आणून समोरच्या स्टँडवर ठेवतात. काच नाही, दोरी नाही, मी आणि कॉटमन यांच्यामध्ये फक्त माझा श्वास, तोसुद्धा मी धरून ठेवला होता. ग्रेटा ब्रिज नावाचं त्याचं १८०५ च्या सुमाराचं चित्र आहे, एक पूल, खाली नदी, दगड. त्यात छाया-बिया काही रंगवत बसलेला नाही, सपाट रंगाचे तुकडे एकमेकांना लावून ठेवलेत, हे दोनशे वर्षांपूर्वीचं आहे असं वाटतच नाही. कोल्हापुरात कोटितीर्थ तलावावर बसून चित्रं काढणाऱ्या आमच्या आबालालांची आठवण आली, का ते सांगता येणार नाही, पाण्याकडे बघायची पद्धत असेल.

माझं मूळ चित्र मी नेलं नव्हतं, फक्त फोटोचे प्रिंट नेले होते. तिथे किंमत सांगत नाहीत, ते विचारायचंच नाही, पण एक बाई होत्या त्यांनी माझे प्रिंट हातात घेऊन शांतपणे बघितले. मी आपली घोड्यांबद्दल बोलत सुटले होते. त्या म्हणाल्या, घोडे सोडा हो, झाडं बघा. आणि उजवीकडच्या झाडावर बोट ठेवून म्हणाल्या, हे एक झाड ज्याला येतं त्याला बाजूचं दुसरं का येत नाही?

मी ते चित्र तोवर निदान पाचशे वेळा बघितलं असेल. दोन ओक. पुढचा बघितला तर बुंध्याची रेघ एका दमात खाली आलेली, मधेच पेन्सिल दाबलीय, मधेच उचललीय, पानांचे पुंजके म्हणजे तीन आकड्यासारखी वळणं एकात एक, आणि तरी ते झाड भरगच्च दिसतं. मागचा ओक मात्र भीतभीत काढलेला, एकेक पान सुटं, रेघेवर रेघ, खोडलंय, परत काढलंय. तसेच घोडे, तसंच कुंपण. म्हणजे हात दोन आहेत.

आणि मग ४१२ चा उलगडा. म्हणजे पक्का नाही, पण पटण्यासारखा. कॉटमनला आयुष्यभर पैशांची ओढाताण, चित्रं विकली जायची नाहीत, म्हणून शिकवण्या. १८०९ मध्ये त्याने नॉर्विचला चित्रांची लायब्ररीच काढली, तीन महिन्यांना एक गिनी भरायची आणि चित्रं घरी नेऊन त्यावरून नक्कल काढायची, आपल्याकडे दिवाळी अंक फिरवतात ना तसं सर्क्युलेटिंग. पुढे १८३४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज स्कूलमध्ये ड्रॉइंग मास्तर झाला तिथेही शिकवायला नमुन्याची चित्रं लागायची, त्याची स्वतःची मुलं पण मदतीला, आणि या नमुन्यांवर नंबर टाकलेले असायचे. नंबर दिसला म्हणून ते कॉटमनच्या घरचं असं अजिबात नाही, गावात दुसरे ड्रॉइंग मास्तरही होतेच, सगळ्यांचा धंदा तोच. माझं चित्र बहुतेक अशाच कुठल्यातरी मास्तरच्या ४१२ नंबरच्या नमुन्यावरून विद्यार्थ्याने केलेली नक्कल, आणि नंबर त्याने किंवा तिने इमानदारीत उतरवला. तेव्हा चांगल्या घरातल्या मुलींना चित्रकला शिकवायचेच, म्हणून मी मनात ती मुलगी धरलीय. मास्तर निसर्गचित्रवाला, त्याला शिकारीत काडीचा रस नसणार, पण जमीनदाराच्या घरी शिकवायचं तर घोडे-कुत्रे घातल्याशिवाय कसं चालेल. मग त्याने येऊन एक झाड दुरुस्त केलं आणि घोडे तसेच सोडले. किंवा घोडे त्यालाही येत नसतील!

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून परत येताना दोन तास ट्रेनमध्ये मी नुसती हसत होते. मोठं नाव निघालं नाही याचं वाईट वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही ते खरं.

फेब्रुवारीत चित्र कागदाच्या कॉन्झर्व्हेटरकडे, म्हणजे जुने कागद दुरुस्त करून जपणाऱ्याकडे दिलं. यांची एक व्यावसायिक संस्था आहे, तिच्या यादीतून माणूस निवडता येतो, तसाच निवडला. त्याने पहिल्याच भेटीत माझा फ्रेम उघडायचा पराक्रम ऐकून घेतला आणि फक्त म्हणाला, पुढच्या वेळी आधी फोन करा. मग काम असं, आधी कोरडी सफाई, मऊ स्पंजने आणि खोडरबराच्या भुग्याने. टेपची प्लास्टिकची पट्टी गरम चपट्या पात्याने उचलली, एका वेळी तांदळाएवढी. आत उतरलेला चिकटपणा जमेल तेवढा काढला, डाग थोडा राहिला. पाण्यात धुवायचं का हा प्रश्न होता. त्याने शाईच्या आकड्याच्या शेपटीला आणि लाल ठिपक्याच्या कडेला ओल्या ब्रशच्या टोकाने जरासं टोचून बघितलं, लाल लगेच टिपकागदावर आला. मग धुणं कॅन्सल. फॉक्सिंगचे डाग ब्लीच करता येतात, पण कागदही त्याच्याबरोबर कमजोर होतो, म्हणून तेही नको म्हटलं. राहू देत डाग, माझ्याही चेहऱ्यावर आहेत.

चित्र माउंटला धरून ठेवायला त्याने बिजागऱ्या कशाच्या लावल्या सांगू, जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. मी म्हटलं, अहो ही तर आमच्याकडे घरी करतात, पुस्तकांना लावायला. पाण्याने परत सुटते म्हणून हीच वापरायची म्हणाला, फेव्हिकॉलसारखं काही लावलं की पुढच्या माणसाचे हाल. आज्जी तपेल्यात कणकेची खळ शिजवायची आणि त्यात मोरचूद टाकायची झुरळांसाठी, ते सांगितल्यावर त्याने लिहूनच घेतलं.

चित्र पुठ्ठ्यापासून पूर्ण सुटलं तेव्हा त्याचा फोन आला, येऊन पाठ बघून जा. पाठीवर तोच ओकचा बुंधा, सहा वेळा. वरचा पहिला भयानक. दुसरा जरा बरा. तिसऱ्यावर रागाने फुली मारलीय. सहाव्यात ती रेघ, एका दमात खाली आलेली, मधे दाबलेली, जवळजवळ आलीय. जवळजवळच. मी तिथे त्या टेबलापाशी उभी राहिले आणि घसा दाटून आला, आणि तो बिचारा कॉन्झर्व्हेटर खिडकीबाहेर बघत राहिला.

अजून एक त्याने दाखवलं. तीन बाजूंना रंग कडेच्या आधी थांबतो, कोरी पट्टी आहे. डावीकडे मात्र वॉश थेट कडेपर्यंत आणि तिथे सगळ्यात पुढचा कुत्रा मधोमध कापलेला, कान आहे, तोंड नाही. म्हणजे चित्र काढून झाल्यावर कधीतरी फ्रेमच्या मापात बसवायला कोणीतरी डावी पट्टी उडवली, आणि व्हॉटमनची दोन अक्षरं गेली ती तेव्हाच. इथे शिकारी कुत्रे जोडीने मोजतात, माझ्या चित्रातले सात कुत्रे म्हणजे साडेतीन जोड्या. साडेतीन शहाणे म्हणावं यांना, त्यातला अर्धा खरोखरच अर्धा.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, ती चष्मा लावून बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, अगं पण कोल्हा कुठाय? मला सात महिन्यांत हा प्रश्न पडला नव्हता! आई शाळेत जीवशास्त्र शिकवायची, त्यामुळे लगेच पुढे, कोल्हा नाही, खोकड म्हण, फॉक्स म्हणजे खोकड, कोल्हा वेगळा. बरोबर आहे तिचं, इंग्रजांनी आपल्याकडे येऊनही कुत्र्यांच्या शिकारी चालू ठेवल्या तेव्हा खोकड सोडून कोल्ह्यांच्याच मागे पळायचे, उटीला वगैरे. पण मी कोल्हापूरची, मी कोल्हाच म्हणणार. असलाच तर तो त्या कापलेल्या पट्टीत गेला. पट्टी बहुतेक नॉर्विचमधल्याच कुठल्यातरी फ्रेमवाल्याच्या कचऱ्याच्या डब्यात.

चित्र कोल्हापूरला घरी न्यायचं मनात होतं, ते तूर्त राहिलं. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे, शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि आम्ही इथून कधी तिथे आणि तिथून कधी इथे याचा आमचा आम्हाला पत्ता नाही, त्यात चित्राची कुठे फरफट. कॉन्झर्व्हेटरचं बिल चित्राच्या किमतीच्या चौपट आलं, तो आकडा मी इथेही लिहीत नाही, नवरा वाचतो कधीकधी.

नवीन माउंटला दोन्ही बाजूंनी खिडकी करून घेतलीय, कॉटनचा पुठ्ठा, यूव्ही काच, आणि जिन्याच्या अंधाऱ्या भिंतीवर, जिथे ऊन येत नाही. सध्या सहा बुंध्यांची बाजू बाहेर आहे. रविवारी आईचा फोन यायच्या आधी उलटी करते, तिला घोडे आवडतात.